वसुधा, तू कुपी दिली नाहीस

वसुधा,

परवा कर्जतला शाळेच्या हॉलमध्ये तुझ्या शोकसभेला सगळे जमले होते. जो उठला तो तुझ्या शांत स्वभावाबद्दल बोलला. आपल्या लॅबचे साहेब बोलले, तुझे मेहुणे बोलले, शेजारच्या काकू तर रडल्याच. "वसुधाचा आवाज कधी चढलेला ऐकला नाही," असं जवळजवळ प्रत्येकाने म्हटलं. मग माझं नाव पुकारलं. मी उठले, आणि पुढे जायच्या ऐवजी चपला घालून बाहेर पडले. लोकांना वाटलं मला रडू आवरेना. तसं नव्हतं गं. मला तुझ्याबद्दल जे सांगायचं होतं ते त्या हॉलमध्ये सांगता आलं नसतं. आणि ते त्यांना सांगायचंही नाही, तुलाच सांगायचंय. आपलं बोलणं अर्धं राहिलंय.

तुझा आवाज चढत नसे हे खरं. पण शांत माणसाशी कोणी असं वर्षानुवर्षं भांडतं का?

आपली लॅब म्हणजे खालापूरच्या अलीकडची बंद पडलेली भातगिरणी. भात भरडायची यंत्रं काढून साहेबांनी तिथे पंप आणि फ्रीजर आणले, पण भिंतींच्या भेगांतून पुढे कित्येक महिने भाताचा कोंडा पडत राहिला. मी नवी बी.एस्सी. झालेली, कर्जतहून खोपोलीच्या गाडीने यायची आणि तुला 'मॅडम' म्हणायची. चौथ्या-पाचव्या दिवशी तू म्हणालीस, "आपण एका वयाच्या. मॅडम काय म्हणतेस? वसुधा म्हण." आणि न विचारता माझ्या डब्यातली सुकटीची चटणी उचललीस. तुमच्या घरात अंडंही येत नव्हतं. शिवाय आमचा डबा. आमच्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली, देव पाण्यात सोडले, पण गावातल्या लोकांनी आमच्याकडे बघायची नजर काही त्या पाण्यात सोडली नव्हती. तुला तिखट लागलं, डोळ्यांतून पाणी आलं, तरी तू दुसरा घास घेतलास. घरी सांगितलंस की नाही, मी कधी विचारलं नाही.

काम तू शिकवलंस. आपण पेप्टाइडं बनवायचो. कोणी पाहुणा आला की तू सांगायचीस, "प्रथिनांचे छोटे तुकडे. शरीराचा एक भाग दुसऱ्या भागाला निरोप पाठवतो ना, तो निरोप घेऊन जाणारे." मुंबई-पुण्याच्या प्रयोगशाळांना ते उंदरांवर आणि सशांवर तपासायला लागायचे. पाण्यात ठेवले की लवकर खराब होत, म्हणून सुकवायचे, पण आच न लावता. द्रावण फ्लास्कमध्ये घालून तो ड्राय आइसमध्ये, म्हणजे गोठवलेल्या कार्बन वायूत, गोल गोल फिरवायचा. आतून बर्फाचा पातळ थर धरला की फ्लास्क पंपाला जोडायचा. पंप हवा ओढून घ्यायचा आणि तो बर्फ पाणी न होताच उडून जायचा. मागे राहायचा तो सावरीच्या कापसासारखा पांढरा, हलका पदार्थ. फुंकर मारली तर जाईल असा. तो कुप्यांमध्ये भरून, रबरी बूच लावून, वर मेण देऊन फ्रीजरमध्ये. प्रत्येक कुपीवर लाल शाईत: फक्त प्रयोगशाळेतील संशोधनासाठी.

एकदा मी फ्रीजरमधून काढलेली कुपी लगेच उघडायला गेले तेव्हा तू माझं मनगट धरलंस. "थंड आहे ती. आत्ता उघडलीस तर हवेतलं सगळं पाणी आत धावेल. आधी तिला खोलीची होऊ दे." तुझी पकड अशी होती की मनगटावर बोटं उमटली. पावसाळ्यात आपल्याकडे मीठसुद्धा वाहतं, तिथे या कापसाचं काय! ओलावा लागला की तो बसतो, चिकट होतो, आणि आठवड्यांचं काम एका श्वासात जातं. तुझ्या लेखी त्या खोलीत घाई हा एकच गुन्हा होता.

आणि मग तो मे महिना आला.

वीज सारखी जात होती. आपण जनरेटर चालू-बंद करून दमलो होतो. त्या दुपारी पंपावर सहा फ्लास्क होते, महिनाभर खपून तयार केलेली बॅच. तू घड्याळ बघून ड्राय आइस घालत होतीस. मदतनीस लग्नाला गेलेला, साहेब मुंबईत. फाटकात मोटारसायकल थांबली आणि माझा दादा धावत आत आला. त्याच्या पायात चप्पल नव्हती.

"पद्मे, कमलला पोरगी झाली."

आमच्या वहिनीची ही पहिलीच वेळ. मी हसले. तेवढ्यात त्याच्या सदऱ्याच्या बाहीवरचे डाग दिसले.

"रगत थांबंना गं. डॉक्टरनी दोन सुया टोचल्या, काय बी फरक नाय. दवाखान्याचा फ्रीज आठवडाभर बंद हाय, सुया कपाटातच पडून व्हत्या. डॉक्टर म्हनले, औषधातला दमच गेला असंल. म्हनले, तुज्या बहिनीच्या लॅबमधी तेच औषध बनतंय. जा म्हनले, पळत जा."

ते डॉक्टर एकदा आपली लॅब बघून गेले होते. आणि त्यांचं म्हणणं खरं होतं, वसुधा. त्या वर्षी आपण तेच बनवत होतो. बाळंतपणानंतर गर्भाशय आवळून धरायला बाईचं शरीर जे सोडतं, तेच ऑक्सिटोसिन. फ्रीजरमध्ये त्याच्या कुप्या ओळीने उभ्या होत्या. दोन पावलांवर. आणि फ्रीजरची किल्ली तुझ्या कमरेला होती.

"किल्ली दे," मी म्हटलं.

तू हातातला ड्राय आइसचा डबा खाली ठेवलास. "पद्मा, ऐक."

"किल्ली दे गं!"

"ते माणसाला टोचायचं नाही. त्यात जंतू आहेत की नाहीत, आपण बघितलेलं नाही. या बॅचची ताकद अजून तपासलेली नाही. एका कुपीत कितीतरी बाळंतिणींना पुरेल एवढं आहे, तिथे ते कोण मोजणार? कशात विरघळवणार?"

"ती मरतेय."

"मला कळतंय."

"तुला काही कळत नाही!"

दादाने तुझे पाय धरले. घामेजलेला, तुझ्याहून वयाने मोठा माणूस भातगिरणीच्या त्या फरशीवर वाकला. "बाई, एक बाटली द्या. काय झालं तर माजी जबाबदारी." तू मागे सरकलीस, त्याला दंडाला धरून उठवलंस, पण फ्रीजरच्या पुढून हलली नाहीस. "तुमची नाही होणार, दादा. माझी होईल," असं म्हणालीस. आवाज खरोखरच चढला नाही. मला वाटलं, ही बाई दगडाची आहे.

मग मी ते बोलले. "तुमच्या घरातली असती तर दिली असतीस."

तुझ्या नाही, 'तुमच्या'. आपण दोघींनीही ते ऐकलं. पंप धडधडत होता. तुझ्या चेहऱ्यावरचं रक्त उतरताना मी पाहिलं. तो प्रश्न मी आजही मागे घेत नाही. आपल्या तालुक्यात तो विचारायला जागा होती आणि आहे. पण त्याचं उत्तर देत तू थांबली नाहीस. भिंतीवरची जीपची किल्ली काढलीस, थर्मासमध्ये बर्फ भरलास आणि म्हणालीस, "खोपोलीत दोन डॉक्टरांकडे चालू फ्रीज आहे. मी चांगल्या सुया घेऊन येते. तू दादाबरोबर जा. डॉक्टरांना सांग, पोट दाबून धरा, सोडू नका." आणि निघालीस. पंपाकडे वळूनही बघितलं नाहीस.

दवाखान्याच्या त्या खोलीत कमल पांढरी पडून होती. डॉक्टर दोन्ही हातांनी तिचं पोट आवळून उभे होते, त्यांच्या हनुवटीवरून घाम तिच्या लुगड्यावर पडत होता. खाटेखालच्या घमेल्यात काय होतं ते मी एकदा पाहिलं आणि परत पाहिलं नाही. पोरगी कोपऱ्यात आईच्या, म्हणजे माझ्या आईच्या मांडीवर होती.

"आणलंस?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "दिलं नाही."

त्यांनी हात बदलला फक्त. कमलने डोळे उघडले. "पद्माताई, पोरगी बरी हाय ना?"

"बरी आहे. ओरडतेय बघ."

"मला आयकू नाय येत."

त्यानंतर किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. तेवढ्या वेळात मी तुला काय काय म्हटलं तेही सांगणार नाही. मनातल्या मनात का होईना, ते म्हटलं होतं आणि तुला ते माझ्या तोंडावर वाचता आलं असणार, कारण जीप थांबली, तू धावत आत आलीस आणि माझ्याकडे बघणं टाळून थर्मास डॉक्टरांच्या पुढे धरलास. बर्फात फडक्यात गुंडाळलेल्या सुयांच्या काचकुप्या. त्यांनी एक भरली, टोचली. मग दुसरी. आपण सगळे कमलच्या पोटाकडे बघत उभे होतो. डॉक्टरांच्या हाताखाली ते हळूहळू घट्ट झालं. रक्त कमी झालं. कमी झालं, थांबलं नाही.

"पनवेलला न्यायला हवं. आत्ता," डॉक्टर म्हणाले.

तू जीप चालवलीस. मागे मी कमलचं डोकं मांडीवर घेऊन, डॉक्टर पोटावर हात ठेवून, दादा पायांशी. मुंबईच्या रस्त्यावर ट्रक नुसते रांगेत होते. तू हॉर्नवरचा हात काढत नव्हतीस, कच्च्यात उतरून पुढे काढत होतीस. एका ट्रकला घासून जीपचा आरसा तुटून गेला.

कमल वाचली. पण गर्भाशय काढावं लागलं. चोविसाव्या वर्षी, पहिल्याच बाळंतपणात.

पनवेलच्या त्या इस्पितळाच्या जिन्यात मी तुला गाठलं. "आधी दिली असतीस तर पिशवी वाचली असती तिची."

"कदाचित."

"कदाचित?"

"कदाचित वाचली असती. कदाचित ती तिसऱ्या दिवशी तापाने गेली असती. मला माहीत नाही, पद्मा. माहीत नसताना मी टोचू देणार नाही."

मला तुझं 'कदाचित' नको होतं. मला हवं होतं की तू रडावंस, किंवा मला एक ठेवून द्यावीस. तू जिन्यावर बसलीस आणि पदराने हातांवरचं पंपाचं ऑइल पुसत राहिलीस.

लॅबमध्ये परत आले तेव्हा कळलं की त्या दुपारी आपण निघाल्यावर वीज गेली होती. सहाच्या सहा फ्लास्कमधला बर्फ वितळून पिवळट, चिकट फेस झाला होता. साहेब तुला जेवढं बोलले तेवढं मी त्यांना कोणाला बोलताना ऐकलं नव्हतं. तू एवढंच म्हणालीस, "मी पंप सोडून गेले, साहेब." का गेलीस ते सांगितलं नाहीस. ते मी सांगितलं, आणि ते सांगतानाही मी तुझ्याकडे बघितलं नाही. तू फ्लास्क घासत होतीस. एकेक कुपी जिवापाड सांभाळणारी तू, आणि ती बॅच तू ढुंकूनही न बघता टाकून गेली होतीस. माझा राग तिथे थोडा अडखळला. पण गेला नाही.

पावसाळा सरेपर्यंत आपण एकाच टेबलावर बसून फक्त कामाचे शब्द बोललो. बूच. मेण. पुढची बॅच. डबा मी मागच्या ओट्यावर जाऊन खायची. तू कधी मागे आली नाहीस, आणि तू यावंस अशी माझी रोज अपेक्षा असायची.

त्याच दिवसांत तू साहेबांशी दुसरं भांडण काढलंस. त्या दवाखान्याच्या सुया आपल्या फ्रीजमध्ये ठेवायच्या.

"ही लॅब आहे, दवाखाना नाही," साहेब म्हणाले.

"त्यांच्याकडे एक फ्रीज आहे तो बंद पडतो. आपल्याकडे तीन आहेत आणि जनरेटर आहे."

"उद्या काही झालं तर?"

"सुया त्यांच्या, सील त्यांचं. आपण फक्त थंड ठेवणार. साहेब, तेवढं तरी येतं आपल्याला."

त्यांनी हो म्हणेपर्यंत तू दारातून हलली नाहीस. फ्रीजरपुढे उभी राहिली होतीस तशीच. मी ते पाहत होते. आपल्या मालाच्या कुप्या आणि त्या सुया एका फ्रीजमध्येही येता कामा नयेत असा नियम तू केलास, आणि थर्मास घेऊन दवाखान्यात जायचं काम मला दिलंस. मला, मुद्दाम. त्या थर्मासमधली सुई पुढे बऱ्याच जणींना लागली. दर वेळी डॉक्टर म्हणायचे, "वसुधाबाईंना सांगा." दर वेळी मी सांगायची. पहिल्यांदा मी तुझ्याशी कामाबाहेरचं बोलले ते हेच. "कालची बाई वाचली." तू मान हलवलीस आणि ओट्याकडे डबा घेऊन आलीस.

आपलं बोलणं सुरू झालं म्हणजे भांडण सुरू झालं. "तेव्हा दिली असतीस तर..." "तेव्हा दिली असती तर..." सुरुवात एकच, पुढचं वाक्य प्रत्येकीचं वेगळं. वर्षभराने कमल पोरीला कडेवर घेऊन लॅब बघायला आली तेव्हाही आपण तेच बोलत होतो. तिला बघून गप्प झालो. ती हसली.

"कोन्ती ती बाटली? दावा तरी."

तू फ्रीजर उघडून एक कुपी तिच्या हातावर ठेवलीस. तिने ती उजेडात धरली. "एवढीशी? ह्याच्यावरून तुमी दोगी भांडता व्हय? मला इचारलं का कोनी?"

खरंच विचारलं नव्हतं.

"मला इचारलं असतं तर मी म्हनले असते, टोचा. जीव जात व्हता माजा." मग ती माझ्याकडे वळली. "अन् टोचून मेले असते, तर पद्माताई, तूच ह्या बाईला फाडून खाल्ली असतीस. हाय का नाय?"

तुझ्या डोळ्यांत पहिल्यांदा पाणी पाहिलं ते तेव्हा. कमलने कुपी परत दिली, "गार हाय गं लई," म्हणाली आणि पोरीला ओट्यावर पाजायला बसली. तिने त्या दिवसाबद्दल आपल्याशी पुन्हा कधी काही काढलं नाही. आपण मात्र काढतच राहिलो. वर्षानुवर्षं. चहा पिताना, कुप्यांना मेण लावताना. कधी तू चिडून उठून जायचीस, कधी मी. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथूनच.

मग तुझं आजारपण आलं. मूत्रपिंडं गेली. मी रोज संध्याकाळी तुझ्याकडे येऊन लॅबचं सांगायची. शेवटच्या आठवड्यात एकदा तुझी बहीण वासंती पेज आणायला आत गेली आणि तू डोळे मिटूनच म्हणालीस, "पद्मा, तू एक विचारलं होतंस."

कोणतं ते मला विचारावं लागलं नाही.

"मी पुष्कळदा मनात तो फ्रीजर उघडून बघितलाय. वासंती तिथे पडली आहे असं समजून. कधी मी उघडते, कधी नाही उघडत. मला खात्री नाही गं. तुला मी नेहमी असं दाखवलं की मला खात्री आहे. पण नाही."

एवढी वर्षं मी या वाक्याची वाट बघत होते. ते आलं आणि मला सहन झालं नाही. माझ्या तोंडून निघालं, "नसता उघडलास. तिच्यासाठीही नसता. मी तुला ओळखते."

तू डोळे उघडलेस. माझ्याकडे बघून हसलीस, हसताना ठसका लागला. "मग इतकी वर्षं भांडलीस कशाला माझ्याशी?"

तेवढ्यात वासंती पेज घेऊन आली. तुला टेकून बसवलं, तुझं तोंड पुसलं, आणि ते राहून गेलं. नंतरच्या दिवसांत तू शुद्धीवर होतीस कुठे.

उत्तर आहे माझ्याकडे. आमच्या घरी त्या दिवसाचं नाव कोणी काढत नाही, वसुधा. दादा उठून अंगणात जातो. आई मरेपर्यंत काही बोलली नाही. कमल पोरीच्या शाळेचं काहीतरी बोलून विषय बदलते. पण तो दिवस मी विसरू शकत नव्हते. खाटेखालचं घमेलं, तिला ऐकू न येणारं पोरीचं रडणं, जीपमध्ये माझ्या मांडीवर जड होत गेलेलं तिचं डोकं, हे सगळं घेऊन ज्याच्याकडे जाता येईल असं माझ्याजवळ एकच माणूस होतं. आणि त्या माणसाशी त्याबद्दल मला भांडूनच बोलता येत होतं. तू बरोबर होतीस की चूक, हे मला फार आधीच तेवढं महत्त्वाचं राहिलं नव्हतं. भांडण मिटलं असतं तर तो दिवस माझ्या एकटीचा झाला असता.

आता तो झाला आहे.